इन-लाइन डिझेल पंप उघडून पुन्हा जोडला. आता तिसऱ्या सिलिंडरची ठोक, आयडलिंगची हेलकावणी आणि गरम इंजिन सुरू न होणे यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. सहा सिलिंडरच्या जुन्या ट्रकचा यांत्रिक गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा) असलेला इन-लाइन फ्युएल इंजेक्शन पंप (प्रत्येक सिलिंडरला मोजून, दाबाने डिझेल देणारा पंप) मी स्वतः उघडून दुरुस्त केला. ट्रक चालतो, पण नीट चालत नाही. पंप पुन्हा उतरवण्याआधी माझा तर्क योग्य दिशेने चालला आहे का, हे ज्यांनी असे पंप प्रत्यक्ष जोडले आहेत त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

ट्रक बरेच महिने उभा होता आणि त्या काळात टाकीत पाणी साचले. पंप उघडला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या एलिमेंटचे (एकेका सिलिंडरसाठीच्या पंपिंग जोडीचे) प्लंजर, म्हणजे दट्टे, गंजून बॅरलमध्ये (त्यांच्या नळकांड्यात) अडकलेले होते, त्यामुळे सर्व प्लंजर फिरवून डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी, म्हणजे रॅकही जागचा हलत नव्हता. ही दोन एलिमेंट मी नवी घातली. उरलेली चार दिसायला चांगली होती, म्हणून प्रत्येक प्लंजर त्याच्याच बॅरलमध्ये राहील याची काळजी घेऊन ती धुऊन परत बसवली. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनांचीच असते आणि ती जोडी एकमेकांत घासूनच तयार केलेली असते, हे मला ठाऊक होते. रॅक सरकला की प्लंजर फिरवणारे कंट्रोल स्लीव्ह आणि त्यांवरचे दाते असलेले सेगमेंट काढण्याआधी सुईने खुणा करून ठेवल्या होत्या. कॅमच्या उठावाने प्लंजर वर ढकलणाऱ्या टॅपेटवर मात्र खुणा केल्या नाहीत, आणि ही चूक पुढे महागात पडली असे मला वाटते. पंप टेस्ट बेंचवर (पंप तपासून लावण्याच्या यंत्रावर) नेलेला नाही. इंजिनवर चढवून फक्त पहिल्या सिलिंडरचे टायमिंग फ्लायव्हीलच्या खुणेशी जुळवले.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झाले, पण आयडलिंगला (बिनभाराच्या मंद वेगाला) वेग सतत वर-खाली होत होता, थंड असताना पांढरा धूर येत होता आणि एका सिलिंडरमधून कडक ठोक ऐकू येत होती. पाइपचे नट एकेक करून सैल केले तेव्हा तिसऱ्याचा नट सैल करताच ठोक थांबली. (हे करताना हात आणि चेहरा दूर ठेवावा, या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.) मग तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) आपसांत बदलले. ठोक तिसऱ्यातच राहिली, म्हणून नोझलवरचा संशय मी सोडला.

हेलकावणीचे एक कारण लगेच सापडले. इंजिन बंद करून रॅक बोटाने सरकवला तर तो मध्येच जड जात होता आणि तिसऱ्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा (एलिमेंटच्या डोक्यावरच्या झडपेचा) होल्डर अर्धा आटा सैल केला की मोकळा होत होता. होल्डर प्रमाणाबाहेर आवळला तर बॅरल किंचित दबते आणि प्लंजर फिरताना घासतो. गव्हर्नरला मग रॅक हळुवारपणे हलवता येत नाही आणि तो प्रत्येक वेळी गरजेपुढे जाऊन परत येतो. सहाही होल्डर टॉर्क पान्याने, पायरीपायरीने पुन्हा आवळले. रॅक आता सहज सरकतो आणि हेलकावणी निम्म्याहून कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

यानंतर सहाही एलिमेंटचे फेजिंग, म्हणजे प्रत्येकाचे पोर्ट (बॅरलमध्ये डिझेल येण्याचे छिद्र) योग्य अंतराने बंद होते का, ते तपासले. पंपापेक्षा उंचावर डिझेलचा डबा टांगून गॅलरीला (एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या पंपातल्या पोकळीला) जोडला आणि रॅक पूर्ण डिलिव्हरीच्या बाजूला धरला, कारण स्टॉपच्या जागी प्लंजरची उभी खाच पोर्टला जोडलेली राहते आणि धार तुटतच नाही. प्रत्येक एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डरवर वाकडी नळी लावली आणि इंजिन नेहमी चालत्या दिशेनेच फिरवत धार थेंबावर येते तो क्षण क्रँकवरच्या अंशपट्टीवर वाचला. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असल्याने पहिल्यापासून मोजता तिसऱ्याचे पोर्ट क्रँकच्या २४० अंशांवर आणि दुसऱ्याचे ४८० अंशांवर बंद व्हायला हवे. पाचवे, सहावे आणि चौथे एलिमेंट माझ्या मोजमापाच्या मर्यादेत बरोबर आले. तिसरे २३६ अंशांवर, म्हणजे ४ अंश लवकर, आणि दुसरे ४८४ अंशांवर, म्हणजे ४ अंश उशिरा बंद होते. पंपाचा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने कॅमवरची चूक दोन-दोन अंशांची झाली, आणि फेजिंगमध्ये अर्ध्या अंशाच्या पुढे जाऊ नये असे मी शिकलो आहे.

दोन्ही चुका सारख्याच मापाच्या आणि विरुद्ध दिशेच्या आहेत, म्हणून जोडताना दुसऱ्या आणि तिसऱ्याचे टॅपेट माझ्याकडून अदलाबदल झाले असावेत असे मला वाटते. लवकर फवारणी होत असल्यामुळे तिसऱ्यात ठोक आणि उशिरा होत असल्यामुळे दुसऱ्यातून पांढरा धूर, असा मेळही बसतो. पण एलिमेंट नवी असताना टॅपेट मूळ जागी परत टाकणे पुरेसे ठरेल का? की ते जागेवरच ठेवून, अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आणि लॉकनट यांनी उंची नव्याने लावून प्रत्येक अंश पुन्हा मोजावा? तिसऱ्याचा टॅपेट खाली आणावा लागेल, त्यात धोका नाही. दुसऱ्याचा वर उचलताना मात्र कॅमच्या टोकावर प्लंजर डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या बैठकीवर आदळणार नाही इतकी मोकळीक शिल्लक राहिली पाहिजे. हे काम पंप इंजिनवरच ठेवून, बाजूचे झाकण उघडून कोणी केले असल्यास त्यांचा अनुभव मला विशेष उपयोगी पडेल.

खरा पेच पुढचा आहे. ट्रक तासभर चालवून वीस मिनिटे बंद ठेवला की स्टार्टर कितीही फिरवला तरी इंजिन पेट घेत नाही, आणि पूर्ण थंड झाल्यावर पहिल्याच फेरीत सुरू होते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या पुढे पारदर्शक नळी लावून पाहिली, बुडबुडे नाहीत. गॅलरीचा दाब १ बारच्या थोडा वर स्थिर आहे. मग इंजिन गरम आणि बंद असतानाच केवळ पंपावर ओले गार फडके दहा मिनिटे ठेवले, आणि इंजिन ताबडतोब सुरू झाले. (चालत्या पंपावर गार पाणी कधीही टाकू नये, बॅरल आवळून प्लंजर जागीच अडकतो.) याशिवाय थंड स्थितीत नोझल बाहेर काढून, सहा बाटल्यांच्या तोंडाशी बसवून, स्टार्टरच्या वेगाने प्रत्येकी १०० फवारे गोळा केले. नव्या दोन एलिमेंटनी जवळजवळ १० मिलिलिटर दिले, जुन्या चारांनी ८ च्या आसपास. गरम डिझेल पातळ होते, स्टार्टरचा वेग कमी असतो आणि झिजलेल्या प्लंजरला गळायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून डोळ्यांना चांगली दिसणारी ती चार एलिमेंट प्रत्यक्षात झिजलेली आहेत, असा निष्कर्ष मी काढतो.

हा निष्कर्ष बरोबर असेल तर कॅलिब्रेशनविषयी शंका उरते. बेंचवर स्लीव्ह फिरवून सहाही एलिमेंटची डिलिव्हरी पूर्ण वेगाला सारखी करता येईल, पण कमी वेगाला जुनी जास्त गळतील आणि नवी कमी, म्हणजे आयडलिंग पुन्हा विषमच राहील. त्यामुळे उरलेली चारही एलिमेंट बदलल्याशिवाय पंप बेंचवर नेण्यात अर्थ नाही असे मला वाटते. नवी-जुनी एलिमेंट एकत्र ठेवून समाधानकारक आयडलिंग कोणाला मिळाले आहे का?

शेवटची गोष्ट पंपातल्या तेलाची. तीन दिवसांत त्याची पातळी वाढली आहे आणि त्याला डिझेलचा वास येतो. डिझेल प्लंजरच्या कडेने खाली उतरत असेल किंवा फीड पंपाच्या दांड्याच्या बाजूने येत असेल. फीड पंप उतरवून त्याचे तोंड झाकणाने बंद करावे, उंचावरच्या डब्यातून गॅलरी भरलेली ठेवावी आणि बाजूचे झाकण उघडून कोणत्या एलिमेंटखाली ओल येते ते पाहावे, असा माझा विचार आहे. डब्याचा दाब खऱ्या दाबापेक्षा फारच कमी असल्याने ही परीक्षा पुरेशी ठरेल का, हे कृपया सांगावे. तोपर्यंत मी ट्रक रस्त्यावर काढणार नाही. पातळ झालेल्या तेलावर कॅम आणि गव्हर्नर चालवणे मला पटत नाही, आणि रॅक पुन्हा कधी अडकलाच तर हवेचा मार्ग बंद करण्यासाठी इनटेकजवळ एक सपाट पत्रा तयार ठेवला आहे.