कोयत्याचा व्हिडिओ उडवला, दाद कुठं मागायची?

कृष्णाकाठ_वाळवा: मंडळी, आमच्या फडात ऊसतोड चाललीय त्याचा साधा व्हिडिओ टाकला, वर लिहिलं "नवीन कोयता, एका घावात आडवा", तर दोन तासात गायब, कारण काय तर म्हणे हिंसा आणि शस्त्र. आणि तिकडं आईबहिणीवरनं शिव्या घालणारी रीलं तशीच. घटनेत बोलायचं स्वातंत्र्य हाय का नाय मग?

मिरजकर_जुना: हाय की, पण घटनेतलं ते बोलण्याचं कलम १९ मुख्यतः सरकारला बांधतं, ॲपच्या कंपनीवर तसं सहज लागू होत नाय. खातं काढताना त्यांच्या अटींना तू हो म्हणलायस, न वाचता, सगळेच म्हणतो. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं ते पोस्टवरनं अटक व्हायची त्याबद्दल, तुझं प्रकरण वेगळं.

विट्याचा_पोरगा: भावा तू लिहिलंयस काय ते बघ 😂 कोयता, घाव, आडवा! पुण्यात कोयता गँगच्या बातम्या, त्यात तुझ्या ओळीत ऊस हा शब्दच नाय, व्हिडिओ तपासणारं मशीन काय फडात आलंय का कधी? आधी ॲपमधेच अपील टाक. नाय जमलं तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही, २०२१ च्या आयटी नियमानं २४ तासात पोच द्यावी लागते. त्याचा निकाल पटला नाय तर ३० दिवसाच्या आत सरकारच्या अपील समितीकडं जाता येतं, २०२३ पासनं सुरू हाय, ऑनलाईनच.

मिरजकर_जुना: म्हणजे काय ठेवायचं हे परत सरकारच्या समितीनं ठरवायचं, मला तेबी पटत नाय.

कृष्णाकाठ_वाळवा: अपील टाकलं. तोवर ऊसतोडीची टोळी परवा दुसऱ्या फडात चाललीय.