मलप्रभेतल्या गोगलगायी तपासाव्यात का?

शिवारकर, खानापूर: कैगा अणुवीज प्रकल्प इतका जवळ, पण आपल्या नदीत काही उतरतं का हे कोण बघतंय? माझं मत, मलप्रभेतल्या गोगलगायी तपासा. स्ट्रॉन्शियम-९० हा अणुभट्टीतून निघणारा किरणोत्सारी पदार्थ म्हणजे कॅल्शियमचा चुलतभाऊ. गोगलगाय ते पाण्यातून आणि शेवाळातून घेते, कॅल्शियमसोबत कवचात बसवते. पाणी वाहून जातं, कवच राहतं. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर तिथल्या तळ्यांतल्या कवचांत हेच सापडलं.

हिंडलगेकर: अहो, आधी नकाशा बघा की! कैगा काळी नदीवर, ते पाणी कारवारला समुद्रात जातं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे. उगाच कशाला घाबरवायलायत लोकांना? बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं सांडपाणी शिवारात घुसतंय, ते दिसत नाही?

शिवारकर: पाणी येत नाही, मान्य. हवेला कुठलं खोरं? हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारापर्यंत अणुचाचण्यांची धूळ जगभर पडली. आजचा आकडा हातात असला तरच उद्याची वाढ कळेल.

लॅबवाला, टिळकवाडी: तपासा, पण सरळ हिशोब नाही हा. खानापूरची जांभ्याची माती, पाण्यात कॅल्शियम कमी. तिथली गोगलगाय मिळेल ते ओढून घेते, स्ट्रॉन्शियमसकट. सौंदत्तीकडं काळी माती, पाणी जड, म्हणजे कॅल्शियम जास्त. तेवढंच स्ट्रॉन्शियम असलं तरी कवचात कमी जाणार. दोन्हीकडची कवचं शेजारी ठेवून ‘खानापूर जास्त दूषित’ म्हणाल तर फसाल. पाण्यातलं कॅल्शियम मोजायलाच हवं. आणि किरणोत्सर्ग मोजणारं हातातलं गायगर यंत्र इथं कामाचं नाही. कवच विरघळवून स्ट्रॉन्शियम वेगळं काढावं लागतं, मग मोजणी.

हिंडलगेकर: म्हणजे पैसा. तो कोण देणार?

येळ्ळूरची सून: पैशाचं नंतर बघा. आमच्याकडं पावसाळ्यात खेकडे धरतात, आणि खेकडे गोगलगायी खातात. त्याचं काय?

लॅबवाला: ताई, प्रश्न बरोबर आहे. सीझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ, तो पोटॅशियमच्या वाटेनं मऊ मांसात जातं, कवचात नाही. नुसती कवचं तपासली तर तेच हुकतं. मात्र स्वच्छ पाण्यात मांसातलं सीझियम हळूहळू बाहेर पडतं. कवचातलं स्ट्रॉन्शियम तसं सुटत नाही, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २९ वर्षं. म्हणून मांस आणि कवच वेगवेगळं मोजायचं. आपल्याकडं आज काही आहे, असं मात्र मी म्हणत नाही.

शिवारकर: मग कणकुंबी आणि सौंदत्ती, दोन ठिकाणं धरू. पाणीही बाटलीत भरून आणू.

हिंडलगेकर: हौसच असेल तर बळ्ळारी नाल्यातल्या पण घ्या. किरणोत्सर्ग राहू दे बाजूला, शिसं किती निघतं तेवढं सांगा.