वन बीएचकेतून ऑनलाइन समुपदेशन: कुणाकडे, कुठे बसून, आणि उपयोग होतोय हे कळायचं कसं?

सोनचाफा
घणसोलीत वन बीएचके. घरात नवरा, सासूबाई आणि शाळकरी मुलगा. दोन-अडीच महिने झोप तुटक आहे. रविवार संध्याकाळपासून सोमवारच्या मीटिंगची धास्ती, छातीत धडधड, मुलावर खेकसणं. कामावर जाणं-येणं, जेवणखाण व्यवस्थित चालू आहे आणि जीव नकोसा वगैरे अजिबात नाही. दर आठवड्याला ठाण्याला जाणं ऑफिसमुळे जमणार नाही, म्हणून ऑनलाइनचा विचार. अ‍ॅपवर थेरपिस्ट, कोच, सायकॉलॉजिस्ट अशी डझनभर माणसं दिसतात, त्यातलं कोण खरं? घरात बोलायचं कुठे? आणि फरक पडतोय की नाही हे किती सेशननंतर ठरवायचं?

खाडीकाठ
ऑनलाइन सुरुवात करायला हरकत दिसत नाही. पण धडधड आहे, तर आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवून टीएसएच (म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्या. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर अशीच धडधड, चिडचिड आणि झोपमोड होते, आणि ती कितीही सेशन घेतली तरी जात नाही.

आता माणूस निवडणं. थेरपिस्ट किंवा कोच ही बिरुदं कुणीही लावतं, म्हणून पदवी आणि नोंदणी बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषधं त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ऑनलाइन प्रिस्क्रिप्शनवरही त्यांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर पडताळा.

समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी असतात आणि आरसीआयच्या यादीत नसतात. त्यात गैर काही नाही, तुमच्यासारख्या तक्रारीसाठी चांगला समुपदेशक पुरेसा असतो. फक्त विचारा: पदवी कशातली, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली किती काळ काम केलं, आणि आजही अडलेल्या केसची चर्चा कुणाशी करता का? या प्रश्नांनी जो दुखावला जातो त्याच्याकडे जाऊ नका. बरं करण्याची हमी देणारे आणि पहिल्याच दिवशी दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारणारे, दोघेही टाळा. शुल्क एकेका सेशनचं भरा आणि ऐन वेळी रद्द केलं तर पैसे कापतात का, हे आधीच विचारून ठेवा.

कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेलिमानस आहे: 14416, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. तिथे रोज तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नका, पण दिशा मिळते. प्रत्यक्ष भेटायची वेळ आली तर ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. ओपीडीत गेलं म्हणजे भरती करतात हा समज मनातून काढून टाका.

पारसिक
जागेचं सांगतो, कारण आमच्याकडच्या घरांत निम्मी सेशनं इथेच फसतात. समोरची व्यक्ती उत्तम असते, पण सासूबाई भिंतीपलीकडे आहेत हे डोक्यात असलं की माणूस पन्नास मिनिटं हवापाण्याचं बोलतो.

वेळ अशी घ्या की घर आपोआप रिकामं असेल: मुलगा क्लासला, सासूबाई देवळात किंवा खाली कट्ट्यावर. ते जमत नसेल तर बेडरूमचं दार लावून दाराच्या फटीशी जाड चादर गुंडाळून ठेवा, आणि दाराबाहेर टेबलफॅन किंवा रेडिओ लावा. आवाज बाहेर हवा, तुमच्या खोलीत नको, नाहीतर माइक तोच उचलतो. वायरचे, माइकवाले इयरफोन घ्या. माइक तोंडाजवळ राहतो, त्यामुळे हळू बोललं तरी पोचतं. जे उच्चारायची चोरी आहे ते चॅटमध्ये टाइप करा. कुणी खोलीत आलं तर म्हणायचं एखादं साधं वाक्य आधीच ठरवा, उदाहरणार्थ 'रिपोर्ट उद्या पाठवते'. ते ऐकलं की समोरच्याने विषय बदलायचा.

पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसणं चालतं, पण स्टिल्टखाली किंवा बेसमेंटमध्ये रेंज आधी तपासा. चालत्या गाडीत किंवा ट्रान्सहार्बर लोकलमध्ये मात्र नाही. घणसोली ते रबाळे एवढ्यात कॉल दोनदा तुटला की रडवेल्या माणसाला पुन्हा तिथूनच सुरू करावं लागतं. व्हिडिओ अडकायला लागला तर लगेच फक्त आवाजावर या, आणि कॉल तुटल्यास कुणी कुणाला फोन करायचा हे आधी ठरवा.

पहिल्या सेशनला पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर मागतील. अडीअडचणीत मदत पाठवता यावी म्हणून तो लागतो. न मागणाराच निष्काळजी समजा.

मोगरा
किती सेशन, यावर. आठवड्याला एक, 45 ते 50 मिनिटांचं. पहिलं सेशन बरचसं माहिती घेण्यातच जातं आणि 'नुसते प्रश्न विचारले' म्हणून लोक तिथेच सोडतात. ते वाचवायला दहा ओळी लिहून आधीच पाठवा: कधीपासून, झोपायची आणि उठायची वेळ, चहा किती, चालू औषधं, घरात कुणाला असा त्रास होता का.

उद्दिष्ट मोजता येईल असं सांगा. 'टेन्शन कमी व्हावं' यावर काम करता येत नाही. 'रविवारी साडेअकराला आडवी झाले की बाराच्या आत झोप लागावी' यावर येतं.

मोजपट्टी म्हणून जीएडी-7 (चिंतेसाठी) आणि पीएचक्यू-9 (नैराश्यासाठी) या प्रश्नावल्या भरा. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. जीएडी-7 चे गुण 0 ते 21, पीएचक्यू-9 चे 0 ते 27. दोन्हींत 10 म्हणजे मध्यम त्रासाची सुरुवात. हे निदान नव्हे, नुसता अंदाज. सुरुवातीला एकदा, मग दर तीन-चार आठवड्यांनी. पीएचक्यू-9 मध्ये पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक. चार-पाच सेशननंतर आकडा हलत नसेल तर तसं सरळ सांगा. पद्धत बदलेल किंवा माणूस बदलावा लागेल. न सांगता गायब होऊ नका.

दोन सेशनच्या मधलं काम जास्त महत्त्वाचं असतं. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ एकच ठेवा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. काळजीसाठी संध्याकाळची 15 मिनिटं राखून वहीत उतरवा: मीटिंगमध्ये नेमकं काय बिघडेल असं वाटतं, त्याला आधार काय, आणि तसं झालंच तर पहिलं पाऊल कोणतं. पुढच्या सेशनला ही वही समोर ठेवा.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. मरणाचे विचार, स्वतःला इजा, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, किंवा तीन-चार रात्री जेमतेम झोपूनही अंगात उधाण, यातलं काहीही असेल तर पुढच्या ऑनलाइन तारखेची वाट बघू नका. प्रत्यक्ष डॉक्टर गाठा, तातडीला 112.

सोनचाफा
बी-12 आणि थायरॉइड उद्याच करते. कंपनी सहा सेशन फुकट देते, पण एचआरला कळेल का?

खाडीकाठ
कंपनीला बहुतेक वेळा नुसती संख्या जाते, नावं नाहीत. तरीही ते गृहीत धरू नका, सेवा देणाऱ्यांना ईमेलवर विचारा: नाव, विषय, तारखा यांपैकी कंपनीकडे काय जातं? लेखी उत्तर येईपर्यंत बुकिंग करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, आणि त्याचे अपवादही दिलेले आहेत, जसं जिवाला धोका. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आणि ऑफिसचं कॅलेंडर यांपैकी काहीच वापरू नका. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा. आणि सहा सेशन संपल्यावर त्याच व्यक्तीकडे स्वतःच्या खर्चाने पुढे जाता येतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा. काही ठिकाणी ती परवानगी नसते.