क्लासच्या सरांकडे पोलिसांचा दाखला मागितला तर गाव काय म्हणेल?

हापूसच्या_गावची
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. देवगड तालुका, गावाचं नाव नको. मुलगी आठवीत आहे, एनएमएमएसची, म्हणजे आठवीच्या स्कॉलरशिप परीक्षेची, तयारी चालू आहे म्हणून जूनपासून गावातल्याच एका सरांकडे क्लास लावलाय. सर घरीच वरच्या मजल्यावर शिकवतात, पंधरा-सोळा मुलं आहेत, गणित चांगलं आहे त्यांचं, त्यात वाद नाही. शाळेत बदलापूरनंतर, म्हणजे २०२४ ला तिथल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर, कॅमेरे काय, तक्रारपेटी काय, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा बोर्ड काय, सगळं झालं, पालकसभेत वाचूनही दाखवलं. पण शाळा सुटल्यावर पोरं असतात कुठे? हिचा साडेपाच ते साडेसात क्लास, धाकटा कबड्डीला, आणि आता गणपती जवळ आले की भजनाची प्रॅक्टिस रात्री दहापर्यंत. तिकडे कोण बघतं, कुणी तपासायला येतं का? मला सरांकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागायचाय. नवरा मुंबईला असतो, तो फोनवर म्हणतो वेडी आहेस का, सर आपल्या लग्नाला जेवून गेलेत. तसं काही झालेलं नाही हां. रविवारी हिला एकटीला जादा शिकवायला बोलावतात, त्याचे पैसे पण घेत नाहीत, परवा पेनांचा सेट दिला, फक्त बाकीच्यांना सांगू नको म्हणाले, त्यांना वाईट वाटेल म्हणून. म्हणजे माणूस वाईट नाही. प्रश्न एवढाच की दाखला मागायचा नियम आहे का आणि मागायचा तर कसा?

बांदावरचो
गो बाय, आमच्या गावातय असे सर आसत. आमचो झील त्यांच्याकडेच शिकान डिप्लोमाक गेलो. नुसता मनात इला म्हणान पोलिसाचो कागद मागशीत तर उद्या गावात क्लास घेवक कोण तयार होवचो नाय. हय सगळे एकामेकाक ओळखतत.

दोनशिक्षकी_शाळा
ओळखतात हाच तर घोळ आहे दादा. मी जिल्हा परिषदेत आहे, आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि एकवीस मुलं. ऑगस्ट २०२४ चा शाळेतल्या सुरक्षेचा जीआर आला तेव्हा आमच्याकडे कॅमेरा बसवायचा की गळकं छप्पर आधी शाकारायचं अशी अवस्था, आणि पावसात लाइट दोन-दोन दिवस नसते ते वेगळंच. तरी केलं. तक्रारपेटी आधी आली ती नेमकी ऑफिसच्या दाराला लावलेली, म्हणजे चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसणार, वर्षभर त्यात फक्त पाल निघाली. मग मी ती पाण्याच्या टाकीकडच्या भिंतीला हलवली, जिथे मुलं तशीही जातात. पहिल्याच महिन्यात तीन चिठ्ठ्या, दोन खिचडीबद्दल आणि एक रिक्षावाला पुढे मांडीवर बसवतो म्हणून. त्या एका चिठ्ठीवर पुढे जे करायचं ते केलं, इथे लिहीत नाही. केंद्रप्रमुख येतात ते पेटी आहे का बघतात, टिक करतात. पेटी कुठे आहे हे अजून कुणी विचारलं नाही.

आता तुमचा प्रश्न. नियम आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचे २०२० चे नियम, त्यातला ३ नंबर. मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था, शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी किंवा मुलांसाठीची इतर कुठलीही सोय, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झाली पाहिजे, शिकवणारा असो नाहीतर शिपाई, कायम असो नाहीतर कंत्राटी, आणि त्यांना प्रशिक्षणही द्यायचंय. पण घरी एकटेच शिकवणारे सर म्हणजे स्वतःच संस्था आणि स्वतःच कर्मचारी, ते स्वतःची पडताळणी कशाला करतील? आणि आमची जशी तपासणी होते तशी त्यांच्या जिन्यावर कुणी चढत नाही.

कबड्डी_कबड्डी
क्लासवरून आठवलं, जानेवारी २०२४ ला केंद्राने कोचिंगच्या मार्गदर्शक सूचना काढल्या ना, सोळा वर्षांखालच्यांना घ्यायचं नाही वगैरे, त्या ५० पेक्षा जास्त मुलं असतील तरच लागू, आणि खेळ, नाच, नाटक त्यातून सरळ वगळलेत. म्हणजे आम्ही पण सुटलो. मी पोरांना शिकवतो म्हणून सांगतो, मागायला कोणी आलं नाही तरी मी चारित्र्य पडताळणीचा दाखला काढलाय, ऑनलाइन अर्ज होतो. मॅचला बाहेरगावी जाताना गाडीत दुसरा एक पालक पाहिजेच, नाहीतर गाडी निघत नाही. सुरवातीला पालकच कुरकुरले, काजूचा सीझन, कोणाला वेळ.

थेम्सकाठचा_मालवणी
मी सध्या इंग्लंडमध्ये, रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो. इथे नेहमीच्या शाळेत तर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षेचं, प्रस्थ फार. सरकारचं एक जाडजूड मार्गदर्शन आहे, ते स्टाफला वाचावंच लागतं, आणि ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्याचे, इन्स्पेक्टर आले की कोणाची तपासणी कधी केली याचं एकच रजिस्टर मागतात. पण गंमत म्हणजे आमच्यासारख्या रविवारच्या वर्गाला, ट्यूशनला, क्लबला ते सहसा येतच नाहीत. आमच्यासाठी वेगळं मार्गदर्शन आहे पण ते ऐच्छिक. इथेही शेवटी पालकच विचारतात, तुमचं डीबीएस (इथली गुन्ह्याच्या नोंदींची पडताळणी) झालंय का, काही वाटलं तर कोणाला सांगायचं त्याचं नाव काय. आणि विचारलं तर कोणी रागावत नाही, हाच काय तो फरक.

माजी_सेविका_गुहागर
तेवीस वर्षं अंगणवाडीत काढली मी. दाखल्यावर एवढं सगळे लिहिताहेत आणि बाईने मध्येच काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही का? एकटीला बोलावतात, पैसे घेत नाहीत, वस्तू देतात आणि सांगू नको म्हणतात. ताई, तुमचं वाक्य तुम्हीच परत वाचा. दाखला म्हणजे पोलिसांकडे नोंद आहे की नाही एवढंच, ज्याच्याबद्दल कोणी कधी बोललंच नाही त्याचा दाखला स्वच्छच येणार. सर देवमाणूसही असतील, मी कुठे नाही म्हणते, पण पोरीने गुपित ठेवायचं हे कुठल्याच मास्तरने सांगायचं नसतं. येत्या रविवारी पाठवू नका. कारण द्यायची गरज नाही, पाहुणे आलेत म्हणा.

कोर्टाच्या_पायरीवर
माजी सेविकांना अनुमोदन. मी वकील आहे, रत्नागिरीला. थोडं कायद्याचं, कारण इथे पुढे कोणीतरी वाचेल.

मुलीशी बोला, पण उलटतपासणी नको. काय केलं त्यांनी, कुठे हात लावला असे प्रश्न तुम्ही तिच्या तोंडात घालू नका. काम करता करता बोला, ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. काही निघालंच, किंवा तसं होईल अशी भीती वाटण्यासारखं काही निघालं, तर गावात बैठक घेऊन मिटवायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेच्या प्रमुखाला हाताखालच्या माणसाबद्दल एक वर्षापर्यंत. बदलापूरला संस्थेच्या लोकांवरही त्यासाठी गुन्हा लागला होता. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. लोक पोलीस स्टेशनला घाबरतात म्हणून सांगते, मुलीचा जबाब घरी घेता येतो, होईल तितकं महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आणि युनिफॉर्ममध्ये यायचं नाही. मुलगा असला तरी हेच सगळं, आपल्याकडे मुलग्यांचं कोणी मनावर घेत नाही. नुसतं विचारायचं असेल तर १०९८, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, रात्रीही चालतो.

दाखल्याचं म्हणाल तर एकटीने मागू नका, पाच-सहा आयांनी मिळून मागा, म्हणजे बोट कोणाकडे जात नाही.

बांदावरचो
पेनाचा मीय वाचलय नाय नीट. सेविका बरोबर बोलतत.

हापूसच्या_गावची
आठवड्याने लिहितेय, सॉरी. रविवारी पाठवलं नाही. नारळ किसायला बसवलं आणि सहज म्हटलं, नको असेल तर रविवारचं बंद करूया. तर पटकन हो म्हणाली. मी हातातलं काम तसंच चालू ठेवलं. सर काही करत नाहीत म्हणाली, पण दार लावून घेतात आणि फोनवर रात्री मेसेज करतात, जेवलीस का वगैरे, तिला ते आवडत नव्हतं. मला का नाही सांगितलंस तर म्हणे फुकट शिकवतात, तू रागावशील. यावर मी काय बोलणार.

१०९८ ला फोन केला, त्यांनी सगळं लिहून घेतलं, मेसेज पुसू नका म्हणाले, पुढचं त्यांच्याशी चालू आहे. ते इथे नको. तिचा क्लास पूर्ण बंद केलाय. वाडीतल्या चार आया भेटल्या, त्यातल्या दोघींच्या मुली पण रविवारच्या निघाल्या, वेगवेगळ्या रविवारच्या. त्यांना पण तो नंबर दिलाय, एकीने लगेच लावला. नवऱ्याला सांगितलं, तो शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने येतोय.

भजनाच्या बुवांना मात्र परवा सरळच विचारलं, पोरांची प्रॅक्टिस देवळातच आणि आठच्या आत घ्याल का म्हणून. ते म्हणाले चालेल की, दाखला पण काढतो, अर्ज कुठे करायचा तेवढं पोराकडून बघून सांग.