विषय: खेळायचं नाही, पण क्रिकेट क्लबात हातभार लावायचाय

नमस्कार मंडळी,
आपल्यातल्या बऱ्याच जणांना जवळच्या क्रिकेट क्लबात जायचंय, पण खेळाडू म्हणून नाही. अशांना काय काम मिळतं? जाण्यापूर्वी काय शिकून घ्यावं?

——

उत्तर:
"काही मदत हवी का?" असं मोघम विचारू नका, "कळवतो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. सचिवांना सरळ लिहा: "दुसऱ्या संघाचे सामने स्कोअर करीन, महिन्यातून दोन शनिवार." स्कोअरर (धावांची वही लिहिणारा) नसला की बाद झालेला फलंदाज वही घेऊन बसतो, मग तो आवरायला उठतो आणि वही तिसऱ्याच्या हातात जाते. चुका नेमक्या त्या अदलाबदलीत होतात.

एक चेंडू तीन ठिकाणी लिहायचा: फलंदाजापुढे, गोलंदाजाच्या चौकटीत आणि चालू धावसंख्येत. वाइडला अधिकचं चिन्ह, नो बॉलला गोल, बायला (चेंडू बॅटला वा अंगाला न लागता मिळालेल्या धावा) त्रिकोण, लेगबायला (चेंडू अंगाला लागून मिळालेल्या धावा) उलटा त्रिकोण. वाइड सीमापार गेला तर पाचही धावा वाइडच्या आणि पाचही गोलंदाजाच्या नावावर. फलंदाजाला काही नाही, चेंडू षटकातही मोजायचा नाही. नो बॉलही षटकात धरत नाहीत, पण फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरतात. नवखे इथेच अडखळतात.

पंचांनी खूण केली की हात वर करून पोच द्या. पोच मिळेपर्यंत त्यांनी थांबायचं असतं, तेव्हा मान खाली घालून लिहीत बसलात तर अख्खा सामना तुमच्यासाठी खोळंबतो. दर षटकाच्या शेवटी शेजारच्या स्कोअररशी धावसंख्या ताडून बघा. दहा षटकं मागे जाऊन चूक शोधणं म्हणजे गवतात सुई.

——

उत्तर:
वरच्या पत्रात एक भर, पंचांच्या बाजूने. नो बॉलवर बाय पळाले तर एक धाव नो बॉलची आणि उरलेल्या बायच्याच. पंच दोन्ही खुणा करतील. 2017 च्या नियमावलीपासून हे असं आहे. जुन्या सवयीचे लोक अजून सगळंच नो बॉलमध्ये टाकतात. दुसरं, झेल उडाला असताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं तरी 2022 पासून नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो (षटक संपलं नसेल तर). वहीत नाव चुकीच्या रकान्यात जायला एवढं पुरतं.

पंचगिरी करायची तर पहिले काही सामने स्क्वेअर लेगला (फलंदाजाच्या बाजूला, दुसऱ्या पंचाच्या जागी) उभे राहा. खिशात सहा खडे ठेवा. वैध चेंडू पडला की एक खडा दुसऱ्या खिशात. मनातली मोजणी अपील झालं की हमखास विसरते.

——

उत्तर:
मैदानाच्या कामाला तर कोणी ना म्हणत नाही. क्रीज (खेळपट्टीच्या टोकांच्या रेषा) आखताना एक मेख आहे: क्रीज म्हणजे रंगाच्या पट्ट्याची यष्टींकडची कड. बोलिंग क्रीजपासून (यष्टींची रेषा) पॉपिंग क्रीज (तिच्या पुढची, फलंदाजाची रेषा) 1.22 मीटर, ते माप त्या कडेपर्यंत घ्यायचं आणि पट्ट्याची जाडी पुढे, खेळपट्टीच्या मधल्या बाजूला जाऊ द्यायची. पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजलंत तर अर्ध्या जाडीची चूक होते, आणि धावचीतच्या निर्णयाला तेवढं पुरेसं असतं. दोन रिटर्न क्रीजमध्ये (यष्टींच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या नव्हे, उभ्या रेषा) 2.64 मीटर. काटकोनासाठी दोरीवर तीन-चार-पाच मापाच्या बाजूंचा त्रिकोण पाडा, नजरेवर भरवसा नको. गवत ओलं असताना रंग पसरतो. दव सुकू द्या.

मुलांच्या संघासोबत राहायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी पार्श्वभूमी-तपासणी लागते. तिला वेळ जातो, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधीच अर्ज टाका.

——

उत्तर:
स्कोअरवाल्यांना एक प्रश्न. डाव संपल्यावर फलंदाजांची बेरीज अवांतर धरून बरोबर येते, पण गोलंदाजांची जुळत नाही. मग कुठे शोधायचं?

——

उत्तर:
गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय, लेगबाय आणि दंडाच्या धावा मिळवल्या की एकूण धावसंख्या यायला हवी. फरक एक, दोन किंवा चारचा असेल तर आधी बाय-लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात गेलेत का ते तपासा; बहुतेकदा तिथेच सापडतो. तिथे नसेल तर ज्या षटकात वही हातोहात फिरली, ते षटक काढा. आणि ॲप वापरत असलात तरी कागदी वही सोबत ठेवा; फोनची बॅटरी डावाच्या शेवटच्या षटकांतच मान टाकते.