लॅपटॉपवरचं काम आणि मानदुखी: आधी काय बदलावं?

म्हापसेकर: पणजीत आमचं हिशेबाचं ऑफिस आहे. लॅपटॉप टेबलावर, बाजूला बिलांचे गठ्ठे. दुपारनंतर बऱ्याच जणांची मान आखडते. भारी खुर्च्या घ्याव्यात का? सगळे स्कूटरने येतात, त्याचाही संबंध असेल?

फिजिओ, फोंडा: खुर्च्या नंतर. आधी लॅपटॉप उचला. त्याची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट टेकले की मान वाकते आणि स्क्रीन वर घेतली की खांदे उचलले जातात. म्हणून स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस तिन्ही एकदम घ्या. नुसत्या स्टँडने दुखणं मानेतून खांद्यात उतरतं. स्टँडऐवजी जाड फायलींचा थरही चालतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर ५० ते ७० सेंमी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन थोडी खालीच हवी, नाहीतर खालच्या भिंगातून वाचायला माणूस दिवसभर हनुवटी वर करून बसतो. बिलं स्क्रीनला लागून तिरक्या स्टँडवर लावा. फोन कान आणि खांद्यात धरून टायपिंग अजिबात नको, इअरफोन लावा.

सेफ्टी ऑफिसर, वेर्णा: वरचं सगळं बरोबर, पण मांडणी कितीही नीट असली तरी तीन तास न हलता बसलं की मान दुखणारच. अर्ध्या तासाने एकदा उठायचंच. जीएसटीआर-३बीची, म्हणजे दरमहाच्या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ आली की हेच पहिलं सुटतं, वर कामाचा ताण आणि अपुरी झोप. हे तिन्ही मानदुखीला पोषक, त्यामुळे नोंदी महिनाभर वाटून घ्या. स्कूटरपेक्षा एका खांद्यावरची जड बॅग बघा. हेल्मेटला दोष देऊन ते काढू नका, मापाचं घ्या.

म्हापसेकर: आणि घरी?

फिजिओ, फोंडा: पालथं झोपणं टाळा, त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि डोकं यांतली पोकळी भरेल एवढी उंच हवी. सिगारेट सोडलेली बरी. आठवड्यातून तीनदा २० मिनिटं मान-खांद्याचे ताकदीचे व्यायाम करा, नुसतं ताणणं पुरत नाही. एक्स-रेत ‘स्पॉन्डिलोसिस’ (मणक्यांची झीज) लिहून आलं म्हणून घाबरू नका, वयानुसार तो न दुखणाऱ्यांतही दिसतो. मात्र हातातली पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, सोबत ताप किंवा पडल्यानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तर मालिश नको, थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात दाखवा.