आईबाबांचा डिमेन्शिया आणि त्यांना सांभाळणारी माणसं: तुमचे अनुभव सांगा

आईला अल्झायमर, म्हणजे आठवण पुसत नेणारा डिमेन्शिया, आहे हे कळून 4 वर्षं झाली. पहिली 2 वर्षं मी तिच्या चुका सुधारण्यात घालवली, म्हणजे ती आजीबद्दल विचारायची आणि मी सांगायचे, अगं आजी जाऊन किती वर्षं झाली, की ती पहिल्यांदाच ऐकतेय अशी रडायची, दर वेळी. आता मी म्हणते, "आजीची आठवण येतेय का गं, सांग ना ती कशी होती", मग ती अर्धा तास बोलत बसते. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

पण आज विचारायचंय ते आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींबद्दल. दीड वर्ष त्या दिवसभर आईजवळ असतात. गेल्या आठवड्यात अंगठी सापडेना तर आई त्यांना तोंडावर चोर म्हणाली. अंगठी उशीच्या अभ्र्यात निघाली, तिनेच ठेवलेली. मावशी काहीच बोलल्या नाहीत, मलाही काय बोलावं सुचलं नाही. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

*

आमच्याकडे 3 वेळा. बाबांच्या डॉक्टरांनी समजावलं की वस्तू ठेवल्याची आठवण तयारच होत नाही, मग वस्तू नाही म्हणजे कोणीतरी घेतली एवढंच उरतं, आणि जो सगळ्यात जवळ असतो त्याच्यावर आळ येतो. तेव्हापासून नवीन ताई आल्या की पहिल्याच दिवशी सांगतो, असं होणार आहे आणि आम्ही तुमच्या बाजूने आहोत. किमती वस्तू खोलीतून काढल्या. बाबांशी वाद घालत नाही, "चला, दोघं मिळून शोधू" म्हणतो. ताईंशी मात्र नंतर आवर्जून बोलायचंच, ते राहिलं तर माणूस मनात ठेवतो.

*

बाबांना खोलीत लहान मुलं दिसायची. एकदा खूप अस्वस्थ झाले म्हणून शांत राहायचं औषध दिलं गेलं तर अंग लाकडासारखं कडक झालं, दोन दिवस गिळता येईना. पुढे कळलं की लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे डिमेन्शियाचाच एक वेगळा प्रकार, आहे आणि त्यात काही अँटीसायकोटिक औषधं (भास, अस्वस्थपणा यांवर देतात ती) जिवावर बेतू शकतात. हे कळलं कशामुळे, तर रात्रीच्या ताईंच्या वहीमुळे. सकाळी एकदम लख्ख बोलले, दुपारी मला ओळखलं नाही, झोपेत लाथा मारतात, चालताना पाय घासतात, सगळं तारखेसकट लिहिलेलं. न्यूरॉलॉजिस्टनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ती वही वाचली. आम्ही घरचे बाबांजवळच होतो पण इतकं बघत नव्हतो, हे कबूल करायला हवं.

*

एकच सांगते. आईचं एका रात्रीत बिघडलं, बडबड, भास, आम्हाला वाटलं आजार वाढला. युरिन इन्फेक्शन निघालं. बदल अचानक असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

*

मी अशा पेशंटना सांभाळायचंच काम करते, 11 वर्षं झाली. आंघोळीला नाही म्हणतात तेव्हा ते हट्टीपणा करत नसतात, घाबरलेले असतात, कोणीतरी अनोळखी कपडे काढतंय असं वाटतं त्यांना. मी अंगावर टॉवेल ठेवते, पाणी आधी त्यांच्या हाताला लावते, मग पाय, डोकं शेवटी, नाहीतर त्या दिवशी नुसतं पुसून घेते. एका आजोबांनी मला मारलं होतं, त्याचा राग नाही आला. पण घरच्यांनी विचारलं की तुम्ही काय केलंत, ते अजून आठवतं. आणि आठवड्याची सुट्टी द्या हो. रात्रभर जागून दिवसा हसत बोलता येत नाही.

*

संध्याकाळ झाली की सासूबाई "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभ्या. हेच तुमचं घर म्हटलं की आणखी चिडायच्या. आता उजेड कमी व्हायच्या आधीच सगळे दिवे लावते आणि त्यांच्याबरोबर एक फेरी मारून येते. हातात नाव आणि फोन नंबर असलेलं कडं घातलंय. लांब राहणारे फोनवर सल्ले देतात, त्यापेक्षा महिन्यातले 2 दिवस येऊन राहिले तर मी झोपेन तरी.

*

सगळं वाचलं, खूप आधार वाटला. आज मावशींशी बोलले, आईसमोर नाही, जिन्यात. तेव्हाच बोलायला हवं होतं, चुकले म्हटलं. त्या म्हणाल्या, "परवा त्यांनी मला आई म्हणून हाक मारली. ते मी घरी सांगितलं, चोर म्हणाल्या ते नाही सांगितलं." मला पुढे बोलवेना. उद्या त्यांना सुट्टी दिलीय, आईजवळ मी आहे.